अवघड जागेचे दुखणे

(सोलापूर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मूळव्याधीचा आहे, असे जाहीर होताच सभागृहात थोडी चुळबूळ झाली आणि दोन-चार जण हसले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच रचलेली नाही. मी डॉक्टर नाही, कलाशाखेचा पदवीधर आहे. लोकांपर्यंत माहिती पोचविणे हा माझा व्यवसाय. तरीही या दुखण्याने मला गाठले, तेव्हा आठ महिने मी ते घरात कोणालाही सांगितले नाही. एका स्नेह्याने दिलेले, वेष्टनावर घटकांची नावेही नसलेले मलम लावीत राहिलो. जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठावर आले होते. म्हणून आज मी ऐकीव नव्हे, अनुभवाचे बोलतो आहे. शास्त्रीय भाग मात्र जाणकारांना विचारून घेतला आहे.

मूळव्याध म्हणजे शरीरात बाहेरून आलेला काही विकार, अशी आपली समजूत असते. वस्तुतः गुदमार्गाच्या आतील बाजूस रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मतःच असतात. मार्ग नीट मिटावा, एवढेच त्यांचे काम. वारंवार कुंथल्याने, तासन्‌तास बसल्याने किंवा गरोदरपणातील दाबाने त्या फुगतात आणि खाली सरकतात. मग शौचाच्या वेळी लालभडक रक्ताचे थेंब पडतात. आतील मोड बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच माणूस ते अंगावर काढतो. चिरल्यासारखी तीव्र वेदना होत असेल, तर ती पुष्कळदा मूळव्याध नसून गुदद्वाराला पडलेली चीर असते. बाहेरील मोडात रक्त गोठले, तर एकाएकी टणक, ठणकणारी गाठ येते. अशा वेळी पहिल्या दोन-तीन दिवसांतच शल्यचिकित्सकाकडे जाणे हिताचे.

हा रोग आधुनिक राहणीचा आहे, असे म्हणण्याची सोय नाही. आयुर्वेदाने ‘अर्श’ याची गणना आठ महारोगांत केली आहे. सुश्रुताने त्यावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले, तर चरकाने ताकाची थोरवी गायिली. शस्त्रापूर्वी औषधाचा विचार करावा, हा क्रम आजचे डॉक्टरही पाळतात.

आता आपल्या सोलापूरकडे पाहू. या शहरात घरोघरी भगिनी विड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन सकाळी बसलेली बाई हजार विड्यांची भरती होईपर्यंत सहसा उठत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो, अंगातील पाणी घामावाटे निघून जाते, आणि ती पाणी बेताने पिते. का? तर वारंवार उठावे लागू नये म्हणून. खेड्यांत याहून कठोर कारण होते. आडोसा नाही, म्हणून अंधार पडेपर्यंत आवेग दाबून धरायचा. दाबलेला मल कोरडा होतो, कोरडा मल कुंथल्यावाचून बाहेर पडत नाही. ग्रामस्वच्छता अभियाने झाली, २०१४ नंतर शौचालयेही बांधली गेली. परंतु ज्या शौचालयाला आतून कडी नाही किंवा पाणी नाही, ते बाईच्या दृष्टीने नसल्यासारखेच. पंचायत सदस्यांनी हे आपल्या गावात स्वतः जाऊन पाहावे. शाळेतही तेच. तासाला उठू न दिलेले मूल आवेग दाबण्याची सवय घेऊनच मोठे होते. गुरुजनांनो, याबाबतीत शिस्त थोडी सैल करा.

आहाराच्या बाबतीत सोलापूर भाग्यवान आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु तीच भाकरी आता आपल्या ताटातून मागे सरते आहे, आणि न्याहरीला मैद्याची खारी व पाव आले आहेत. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे दहा ग्रॅम चोथा असतो, तर पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात तीन ग्रॅमच्या आत. प्रौढ माणसाला दिवसाकाठी २५ ते ३० ग्रॅम चोथा हवा. भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू आणि ताक एवढ्याने ते काम बरेचसे भागते. शेंगाचटणी सोडावी काय, असे मला नेहमी विचारतात. तिखटाने मोड येत नाहीत. आलेल्या मोडांची आग मात्र वाढू शकते. दुखणे उमळले असेल तेवढे दिवस हात आखडता घ्यावा, इतकेच. सोलापूरकराला याहून अधिक सांगणे मला धोक्याचे वाटते.

आहाराने भागले नाही, तर इसबगोलाचा भुसा घ्यावा. एक-दोन चमचे भुसा भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी घ्यावे. कमी पाण्याबरोबर घेतल्यास तो फुगून अडकतो आणि उलटाच परिणाम होतो. थोड्यापासून आरंभ करावा, दोन-तीन दिवस वाट पाहावी, आणि इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. हा उपाय साधा आहे म्हणून कमी लेखू नये. २००५ साली सात चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. चोथा घेणाऱ्यांत रक्तस्राव चालू राहण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले आढळले.

आग आणि सूज यांसाठी पसरट टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा बसावे. औषधाच्या दुकानातील मलमाने बधिरता येते, ठणका थांबतो, पण मोड जात नाही, हे ध्यानात असावे. काही मलमांत स्टेरॉइड असते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून आणू नये आणि आठवड्याहून अधिक लावू नये, कारण तेथील कातडी पातळ होते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते. कोडीन असलेल्या गोळ्यांनी मात्र बद्धकोष्ठ वाढते.

आणि शौचालयात मोबाइल नेऊ नये. बॉस्टन येथे १२५ जणांची पाहणी झाली आणि २०२५ साली ती प्रसिद्ध झाली. फोन नेणाऱ्यांत मूळव्याधीचा संभव ४६ टक्क्यांनी अधिक आढळला. एवढ्याने दोष फोनचाच, असे सिद्ध होत नाही. तथापि पाच मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते, हे आपण सारेच जाणतो.

एक गोष्ट मात्र जड मनाने सांगतो. माझ्या एका आप्तांना वर्षभर रक्त जात होते. मूळव्याधच असणार, असे सर्वांनी धरले. त्यांत मीही होतो. प्रत्यक्षात आतड्याच्या शेवटच्या भागात कर्करोग होता, आणि निदान झाले तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून घरगुती उपायांनी आठवड्यात रक्त थांबले नाही, शौच काळे होऊ लागले, शौचाची सवय बदलली, वजन घटले, थकवा आला, किंवा वय पंचेचाळिशीच्या पुढे आणि रक्त प्रथमच दिसले, तर तपासणी करून घ्यावीच. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर त्याहून लवकर.

‘बिनऑपरेशन, एका इंजेक्शनात मूळव्याध मुळासकट’ अशा पाट्या रस्तोरस्ती दिसतात. तेथे जाण्यापूर्वी त्या गृहस्थाची नोंदणी विचारावी. दाहक द्रव्य अजाणत्या हाताने वापरल्यास तो मार्गच आकसतो. शस्त्रक्रियेच्या भीतीने लोक तिकडे वळतात, परंतु पुष्कळांना तिची गरजच पडत नाही. मोडाच्या मुळाशी रबरी कडी बसविण्याची पद्धत १९६३ पासून रूढ आहे. तिला भूल लागत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. माझेही काम तेवढ्यानेच झाले. येथील छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात शल्यचिकित्सा विभाग आहे. खेड्यातून आलेल्या भगिनीला तेथवर सोबत हवी असते. आशा कार्यकर्तीने ती करावी आणि ग्रामसभेने तिला तसे सांगावे.

आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून समोरच्या पेटीत टाकावेत. चिठ्ठीवर नाव लिहू नये. डॉक्टर आपल्या शेजारीच बसले आहेत. ते एकेक वाचून उत्तर देतील.