पंखावरचे इंजिन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बंगळुरात विमानावर बोलणे म्हणजे कोल्हापुरात कुस्तीचे डाव सांगण्यासारखे आहे. येथे जमलेल्या कित्येक घरांची चूल विमानाच्या कारखान्यावर पेटली आहे. आम्हीही विमानांचे आराखडे काढता काढताच केस पांढरे केले. तरीही आज ‘होंडाजेट’ या एका परक्या, चिमुकल्या विमानाची कथा सांगण्याचा मोह आवरत नाही; कारण तिच्यात आमची एक चूक आम्हांस दिसते.

व्यापारी मंडळींना घेऊन जाणाऱ्या लहान जेट विमानाची मुख्य अडचण जागेची असते. विमान लहान केले म्हणून आत बसणारा माणूस लहान होत नाही. मोठ्या विमानांत इंजिने बहुधा पंखांखाली टांगतात. लहान विमान जमिनीलगत असल्याने तेथे पुरेशी उंची उरत नाही. म्हणून ती शेपटीजवळ, धडाच्या दोन्ही बाजूंना बसवण्याची रूढी पडली. पण मग त्यांचा भार पेलणारी आधारचौकट धडातून आडवी न्यावी लागते. ती मागची जागा खाते, शिवाय आवाज आणि कंप आत शिरतात.

मिचिमासा फुजिनो या जपानी अभियंत्याने १९९७ साली वेगळेच चित्र रेखाटले. त्यात इंजिने पंखांच्या वर, खांबांवर उभी होती. जर्मनीच्या ‘व्हीएफडब्ल्यू ६१४’ या विमानावर १९७१ मध्ये असा प्रयोग झाला होता. परंतु तो मार्ग पुढे रूढ झाला नाही. पंखाच्या वरच्या अंगाने हवा वेगाने धावते. विमानाची गती वाढली की तेथे ती ध्वनीचा वेग ओलांडते, आघात-तरंग उठतो आणि हवेचा विरोध वाढतो. अशा नाजूक जागी अडथळा उभा करू नये, हे आम्ही शिकलो आणि पुढे शिकवलेही.

फुजिनो यांनी गणिताने व वातबोगद्यातील चाचण्यांनी ही समजूत तपासली. इंजिन चुकीच्या जागी ठेवले तर विरोध वाढतो, हे खरेच ठरले. पण पंखाच्या संदर्भात ते एका नेमक्या जागी ठेवले, तर तो तरंग दुबळा पडतो आणि वेगात विरोध उलट घटतो. पाठ्यपुस्तक खोटे नव्हते. त्यातला एक अपवाद कोणी नीट शोधला नव्हता, इतकेच.

धड संमिश्र द्रव्यांचे. पंख आणि नाक असे घडवलेले की हवा शक्य तितकी न खळबळता सरकावी. सुमारे ४८०० किलो वजनाचे हे विमान ४३,००० फुटांपर्यंत चढते आणि ताशी सुमारे ७८० किलोमीटर वेग गाठते. आतली जागाही वाढली.

मात्र हे यश झटपट आले नाही. होंडाने विमान-संशोधन १९८६ साली आरंभले. नमुना-विमान ३ डिसेंबर २००३ रोजी अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे आकाशात झेपावले. २००६ मध्ये विक्रीची घोषणा झाली. पण नव्या इंजिनाला प्रमाणपत्र मिळण्यास डिसेंबर २०१३ उजाडला आणि विमानाला स्वतःला ते मिळाले डिसेंबर २०१५ मध्ये. म्हणजे एकोणतीस वर्षे!

आता आमची चूक. अनेक वर्षांपूर्वी एका तरुण सहकाऱ्याने असाच विक्षिप्त वाटणारा आराखडा आमच्या मेजावर ठेवला होता. “असे कोणी करीत नाही,” एवढे म्हणून आम्ही तो परत केला. त्याचा विचार बरोबर होता की चूक, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. कारण आम्ही तो तपासलाच नाही. ही खंत अद्याप सलते.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे पुरी केली. उद्या एखादा मुलगा वा मुलगी असेच वेडेवाकडे चित्र घेऊन आपणापाशी येईल. हसण्यापूर्वी ते एकदा उजेडात धरून पाहावे, एवढीच आमची विनंती.