ज्वालाग्राही द्रवांची साठवण : घरी आणि कामाच्या ठिकाणी



दिनांक ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार प्राणास मुकले. अशा दुर्घटनेनंतर चर्चा होते ती कारखान्यांची, आणि ती व्हावयासच हवी. परंतु ज्या गुणधर्मामुळे कारखान्यातील पिंप घातक ठरते, तोच गुणधर्म पोलादपूरच्या डोंगरातील घराच्या पडवीत ठेवलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्येही असतो. त्या कॅनची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. वस्तुतः जळते ती त्याची वाफ. ही वाफ हवेपेक्षा सुमारे तीनचार पट जड असल्याने ती वर जात नाही. जमिनीलगत पसरते, उंबरठ्याच्या फटीतून आत शिरते आणि चुलीपाशी पोहोचते. कॅन पडवीत आणि चूल स्वयंपाकघरात, म्हणून धोका नाही, हा समज त्यामुळेच फसवा आहे. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास पोहोचले तरी ठिणगी पुरते. एक लिटर पेट्रोल बंद जागेत सांडून त्याची पूर्ण वाफ झाली, तर लहानशी खोली स्फोटक होऊ शकते.

सर्वच द्रव सारखे नाहीत. ज्या तापमानाला द्रवावरील वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्यास प्रज्वलनांक म्हणतात. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार २३ अंश सेल्सिअसच्या खाली प्रज्वलनांक असलेले पदार्थ ‘अ’ वर्गात मोडतात. पेट्रोल या वर्गातले. पौषातल्या पहाटेच्या थंडीतही त्याची वाफ पेट घेते. रॉकेल व डिझेल ‘ब’ वर्गातील असून तुलनेने मंद आहेत. तरी उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तेही निर्धोक राहत नाहीत. रंगकामाचा थिनर व प्रयोगशाळेतील स्पिरिट यांना पेट्रोलच्याच पंक्तीत बसवणे शहाणपणाचे.

याच कायद्याने विक्रीसाठी नसलेले ‘अ’ वर्गाचे ३० लिटरपर्यंत पेट्रोलियम परवान्याशिवाय बाळगण्याची मुभा दिली आहे. मात्र भांडे घट्ट बुचाचे हवे. काचेचे किंवा चिनी मातीचे असल्यास एक लिटरपर्यंत, धातूचे असल्यास २५ लिटरपर्यंत. आता महामार्गावरील पंपावरून गवत कापण्याच्या यंत्रासाठी वाडीवर पेट्रोल कशातून नेले जाते ते आठवावे. थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली! ती कायद्यात बसत नाही, उष्णतेने मऊ होते, आणि तहानलेल्या मुलाला तिच्यात सरबत दिसते. मुलाने असा द्रव गिळलाच, तर त्यास ओकारी काढावयास लावू नये. द्रव फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तडक दवाखाना गाठावा.

साठा घराबाहेर, सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी असावा. पेंढ्याच्या उडवीजवळ वा माळ्यावर नव्हे. यंत्रात पेट्रोल ओतण्यापूर्वी ते बंद करून थंड होऊ द्यावे. शाळेतही पेटत्या स्पिरिटच्या दिव्यात स्पिरिट ओतण्याचे टाळावे. हे शिक्षकांना सांगावे लागू नये, पण घाईच्या तासाला असे घडते.

कारखान्यात एका पिंपातून दुसऱ्यात द्रव ओतताना घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होते. म्हणून दोन्ही धातूची भांडी तारेने परस्परांस जोडून त्यांची जमिनीशी जोडणी करतात. जेथे ही तार गंजून तुटलेली असते, तेथे बाकीची व्यवस्था तपासण्याजोगी असते, हे खुशाल समजावे.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते रिकाम्या पिंपाकडे. भरलेल्या पिंपात वाफेला जागा थोडी. ‘रिकाम्या’ पिंपाच्या तळाशी पेलाभर द्रव आणि वर वाफ व हवा यांचे मिश्रण. असे पिंप कापावयास कोणी वेल्डिंगची ज्योत लावली, तर ते बॉम्बसारखे फुटते. औद्योगिक वसाहतींच्या आसपास रसायनांची वापरलेली पिंपे भंगारातून गावात येतात आणि त्यांत पाणी वा धान्य साठवले जाते. आत काय होते हे लेबल गेल्यावर कोण सांगणार? ग्रामपंचायतीने ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि भंगारवाल्यांशीही बोलावे.

महाडला आणखी एक विचार करावा लागतो, तो पुराचा. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी शहरात शिरले. पेट्रोल व डिझेल पाण्याहून हलके असल्याने भरलेले बंद पिंपदेखील तरंगते, आपटते, फुटते. आणि आतील द्रव पाण्यावर तवंग होऊन घरोघर जातो. म्हणून नदीकाठच्या दुकानदारांनी व गॅरेजवाल्यांनी पावसाळ्यापूर्वीच साठा कमी करावा. उरलेला पूररेषेच्या वर हलवावा अथवा साखळीने जखडून ठेवावा. पूर ओसरल्यावर घरात पेट्रोलचा वास आला, तर विजेचे बटण दाबू नये, बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे.

आग लागलीच, तर जळत्या तेलावर पाणी ओतू नये. तेल पाण्यावर तरंगत आग पुढे नेते. लहान आगीवर कोरडी वाळू वा माती टाकावी, अथवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरावे. आग पिंपांपर्यंत पोहोचली असेल, तर माणसे दूर न्यावीत आणि १०१ किंवा ११२ वर कळवताना आत कोणता द्रव, किती आहे, हे प्रथम सांगावे. त्यासाठी साठ्याची यादी साठ्याच्या खोलीत नव्हे, तर फाटकावर लावलेली असावी.