कपाशी, चांदी आणि कागदी पैसा

अमेरिकन लढाईच्या दिवसांत वऱ्हाडांतल्या कास्तकारांनीं बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडाऐवजीं चांदीच्या धावा बसविल्या, अशी एक आख्यायिका आहे. ती अतिशयोक्तीची असेल, पण तिच्यांतली चांदी खरी होती. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी माजली, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि अमरावती-अकोल्याच्या कपाशीकडे वळली. भाव कित्येक पटींनीं चढले व रोकड रुपये गांवोगांव येऊन पडूं लागले.

श्रोतेहो, आजचा विषय कागदी चलनाच्या घसरणीचा. तरी आरंभीं चांदीची गोष्ट मुद्दाम सांगितली. कारण ज्यांच्या कपाशीची जागा आपल्या कपाशीनें घेतली, त्या दक्षिणी संस्थानांत त्याच वेळीं उलट प्रकार चालला होता. कापूस गोदामांत अडकलेला, तिजोरींत सोनें नाहीं, पुरेसे कर बसविण्याचें धैर्य नाहीं. तेव्हां सरकारनें नोटा छापल्या. शत्रूशीं तह झाल्यावर सहा महिन्यांनीं पैसे देऊं, असें कित्येक नोटांवर चक्क छापलेलें असे! तो तह कधींच झाला नाहीं. २ एप्रिल १८६३ रोजीं रिचमंड या राजधानींत भुकेल्या बायकांनीं दुकानें लुटलीं. युद्ध संपलें तेव्हां भाव सुमारें नव्वदपट झाले होते. पुढें जर्मनीनें यावरही ताण केली. नोव्हेंबर १९२३ मध्यें एका डॉलरला चार लक्ष वीस हजार कोटि मार्क पडत. (हा आंकडा घरांतल्या मुलांकडून पाटीवर लिहवून पाहावा.)

आपल्याकडे १८६१ च्या कायद्यानें सरकारी नोटा निघाल्या होत्या; पण त्यांच्याबद्दल चांदीचे रुपये मोजून देण्याचें बंधन सरकारवर होतें. म्हणून त्या टिकल्या. बुडाला तो मुंबईच्या शेअरांचा कागद. अमेरिकेंत शांतता होतांच कापूस उतरला, १ जुलै १८६५ च्या वायद्याला पैसे भरणारे उरले नाहींत, आणि १८६८ सालीं जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली.

वऱ्हाडचा रुपया मात्र शाबूत राहिला. पण त्यानें कास्तकार वांचला काय? ज्वारीचें रान कपाशीखालीं गेल्यानें दाणा महागला, आणि चढत्या भावाच्या भरंवशावर काढलेलें कर्ज भाव पडल्यावरहि तितक्याच रुपयांचें राहिलें. जर्मनींत मार्क मातीमोल झाला तेव्हां जुनीं गहाणें एका पावाच्या किंमतींत सुटलीं. तेथें बुडाला तो सावकार व बँकेंत शिल्लक ठेवणारा मध्यमवर्ग. येथें चांदी पक्की होती, म्हणून सावकाराचें खतहि पक्कें राहिलें.