जनतेच्या नोकराला पडदा कशाला?



विद्यार्थ्यांच्या या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही कायद्याच्या एका विद्यार्थिनीला दिलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. इथे उभं राहून कवितेवर, कथेवर बोलायचा प्रघात आहे. मी आज एका कायद्यातल्या एका पोटकलमावर बोलणार आहे. ते मला गेले काही महिने झोपू देत नाही, आणि त्यावर मराठीत जवळपास कुणीच भांडत नाही. माझं भांडण सरकारशी आहे, संसदेशी आहे, आणि या मांडवातल्या लेखकांशीही आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023. नाव ऐकून कुणालाही बरं वाटेल. आपले फोन नंबर विकले जातात, आधारच्या झेरॉक्स गल्लोगल्ली फिरतात, कर्ज देणारी अ‍ॅप आपल्या नातेवाइकांना धमक्या देतात. असा कायदा हवाच होता. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालाचं मी मनापासून स्वागत करते. मुलीच्या फोनमध्ये डोकावणाऱ्या घरांत वाढलेल्या माझ्या पिढीला खासगीपणाची किंमत कुणी शिकवायला नको.

पण या कायद्याचं शेवटचं कलम वाचा. कलम 44. त्यात इतर कायद्यांमधल्या दुरुस्त्या आहेत, आणि पोटकलम 3 मध्ये माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 (1) (ञ) ची मान मुरगळली आहे. मूळ कलम 2005 चं. वैयक्तिक माहिती नाकारता येते, पण तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी काही संबंध नसेल तेव्हाच, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यावर विनाकारण घाला पडत असेल तेव्हा, असं ते सांगत होतं. त्यातही व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी लागे. खाली एक परंतुक होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. या एका वाक्याने शेतमजूर आणि खासदार एका पायरीवर आणून बसवले होते. नवीन कलमात यातलं काही उरलेलं नाही. माहिती वैयक्तिक आहे ना? मग ती देणं बंधनकारक नाही. विषय संपला.

सरकारी कागदात कुणाचं नाव नसतं, सांगा मला. ठेकेदाराचं नाव, लाभार्थ्याचं नाव, बदली झालेल्या अधिकाऱ्याचं नाव, रजेवर असून सही करणाऱ्या शिक्षकाचं नाव. भ्रष्टाचार कधी निनावी नसतो. पैसा कुणीतरी खातो, आणि त्या कुणीतरीला नाव असतं. नाव झाकलं की उरते ती फक्त आकड्यांची बेरीज, आणि ती नेहमी जुळवलेली असते.

माहिती अधिकाराची चळवळ जन्मली तीच मुळी नावांच्या यादीतून. 1990 च्या दशकात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांची मस्टरं मागितली. गावात जनसुनवाई भरवली, मस्टर मोठ्याने वाचलं, आणि लोक उठून सांगू लागले की हा माणूस तर केव्हाच वारला, ही बाई या कामावर कधी आलीच नाही. महाराष्ट्राला मस्टर काय असतं ते वेगळं सांगायला नको. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आयाबायांची नातवंडं या मांडवात बसली आहेत. त्या मस्टरवरचं नाव उद्या 'वैयक्तिक माहिती' ठरलं, तर मेलेल्या माणसाच्या नावावर उचललेली मजुरी कुणी पकडायची?

आपल्याकडची उदाहरणं घ्या. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीत फ्लॅट कुणाकुणाला मिळाले, हाच तर सगळा प्रश्न होता. सभासदांच्या यादीत राजकारण्यांचे नातेवाईक निघाले, लष्करातले अधिकारी निघाले, आणि नोव्हेंबर 2010 मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. ते प्रकरण बाहेर काढण्यात माहिती अधिकाराच्या अर्जांचा मोठा वाटा होता. सभासदांची यादी आज मागितली तर उत्तर काय येईल? 2024 मध्ये पुण्यात नेमणूक झालेल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून वादळ उठलं, आणि लोकसेवा आयोगाने तिची उमेदवारी रद्द केली. जातीचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचा दाखला, सगळं वैयक्तिकच आहे की. आणि हक्काची जागा हुकलेल्या मुलांचं नुकसान, ते कुठल्या सदरात घालायचं?

माझ्या एका मैत्रिणीला वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही. तिने निवड यादी आणि गुण मागितले. संबंधित कार्यालयाने एका ओळीचं उत्तर पाठवलं: वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करणाऱ्या मुलीला आता प्रथम अपील, मग माहिती आयोगाकडे दुसरं अपील करावं लागतं, आणि तोवर वर्ष संपून जातं.

सरकारचं म्हणणं मी ऐकलं आहे, आणि ते तुमच्यापुढे प्रामाणिकपणे ठेवते. कलम 8 (2) अजून शाबूत आहे, असं ते म्हणतात. जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते, मग चिंता कसली? चिंता अशी की ओझं कुणाच्या खांद्यावर आहे, ते बदललं. आधी माहिती नाकारण्यासाठी अधिकाऱ्याला कारण दाखवावं लागे. आता माहिती मिळवण्यासाठी नागरिकाने जनहित सिद्ध करायचं, आणि तेही ज्याच्याविरुद्ध माहिती मागितली त्याच्याच कार्यालयापुढे. 8 (2) मध्ये माहिती 'देता येईल' असं आहे, 'द्यावीच लागेल' असं नाही. हक्काने मिळणारी गोष्ट मेहेरबानीची झाली. शिवाय 8 (2) पुरेसं होतं तर 2005 च्या संसदेने 8 (1) (ञ) मध्येही जनहिताची अट का लिहिली होती?

आणि हे सगळं टाळता येत होतं. न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने 2012 मध्येच सांगितलं होतं की माहिती अधिकाराखाली दिलेली माहिती खासगीपणाचा भंग मानू नये. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला माहीत असलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 च्या मसुद्यात कलम 8 (1) (ञ) बदललं, पण जनहित एका पारड्यात आणि हानी दुसऱ्या पारड्यात ठेवून तोलण्याची पद्धत ठेवली. त्या मसुद्यात पत्रकारितेला सूटही होती. 2023 च्या कायद्यातून तोलही गेला आणि सूटही गेली. जिल्ह्याच्या गावी पाक्षिक चालवणाऱ्या संपादकाने संगणकावर लाभार्थ्यांची यादी तपासली, तर त्याच्या डोक्यावर 250 कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तलवार आहे. माहिती दडवणाऱ्या जनमाहिती अधिकाऱ्याला जास्तीत जास्त दंड किती? 25 हजार. या दोन आकड्यांत या कायद्याची नीती लिहिलेली आहे.

आता हा कायदा झाला कसा, ते ऐका. 3 ऑगस्ट 2023 ला विधेयक लोकसभेत आलं, 7 ऑगस्टला तिथे आवाजी मतदानाने संमत झालं, 9 ऑगस्टला राज्यसभेत. मणिपूर जळत होतं, सभागृहात गदारोळ होता, आणि 140 कोटी लोकांच्या माहितीचा फैसला त्या गदारोळात उरकला. विधेयक कुठल्याही समितीकडे पाठवलं नाही. त्याआधी 2022 च्या मसुद्यावर लोकांनी ज्या सूचना पाठवल्या, त्याही सरकारने जाहीर केल्या नाहीत. याउलट 2005 चा कायदा स्थायी समितीत गेला होता, त्यात शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या होत्या. त्याच्याही आधी महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने स्वतःचा कायदा केला होता, आणि गोव्याने तर 1997 मध्येच. एक कायदा लोकांनी वर्षानुवर्षं घासून घडवला. दुसऱ्याने त्याचा कणा आठवड्याभरात काढून घेतला.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. कायदा संमत झाल्यावर दोन वर्षं पडून होता. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले. कंपन्यांवर आपल्या माहितीबाबत जी बंधनं येणार होती, त्यातली बहुतेक 18 महिन्यांनी लागू होतील असं ठरलं. पण माहिती अधिकार छाटणारं कलम 44 (3) त्याच क्षणी लागू झालं. नागरिकाचं संरक्षण थांबू शकतं, अधिकाऱ्याचं थांबू शकत नाही. दुसरीकडे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा 2014 चा कायदा राष्ट्रपतींच्या सहीनंतरही आजतागायत अमलात आलेला नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. 13 जानेवारी 2010 च्या सकाळी ते फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. अशा माणसांसाठी केलेला कायदा धूळ खात पडतो, आणि ते ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांच्या सोयीची दुरुस्ती एका दिवसात अंगावर येते.

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक इशारा दिला होता. संविधानाला हात न लावता, नुसतं प्रशासनाचं रूप बदलूनही संविधानाचा आत्मा मारता येतो. संवैधानिक नीतिमत्ता आपोआप उगवत नाही, ती मुरवावी लागते, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. माहिती अधिकार कायदा रद्द केला असता तर देश रस्त्यावर आला असता. म्हणून रद्द केला नाही. नाव तेच, अर्जाचा नमुना तोच, फी तीच, आतला जीव तेवढा काढला.

आता लेखकांकडे वळते.

1890-91 मध्ये संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्र पेटला होता. विवाहित मुलीचं संमतिवय दहावरून बारा करण्याचा प्रश्न होता. टिळक 'केसरी'तून विरोधात, आगरकर 'सुधारका'तून बाजूने. पुण्यात सभा झाल्या, सभा उधळल्याही गेल्या. मी आगरकरांच्या बाजूची आहे, हे सांगायला नकोच. पण मला त्या काळाचा हेवा वाटतो. मताचा अधिकार नसलेली माणसं परक्या सरकारच्या एका विधेयकावर महिनोन्‌महिने मराठीत भांडत होती, कलमाचा अर्थ लावत होती, शास्त्रं उपसत होती. आज मत आहे, विधिज्ञ आहेत, विद्यापीठं आहेत, अभिजात भाषेचा दर्जा आहे. आणि घरातल्या प्रत्येक माणसाला शिवणाऱ्या कायद्यावर मराठी नियतकालिकांत किती पानं खर्ची पडली? साहित्य संमेलनांत किती ठराव झाले?

कायदा हा वकिलांचा विषय आहे असं म्हणणाऱ्या लेखकाला मी विचारते: कराडच्या संमेलनात 1975 मध्ये, आणीबाणीत, दुर्गा भागवत अध्यक्षपदावरून बोलल्या तेव्हा त्या वकील होत्या का? तुमची चरित्रं, तुमची शोधपत्रकारिता, गावच्या सत्तेचा हिशेब मांडणारी तुमची कादंबरी, सगळी कागदावर उभी आहे. तो कागद बंद कपाटात गेला की तुम्ही लिहाल ते ऐकीव असेल, आणि ऐकीव लिहिणाऱ्याला बदनामीच्या खटल्यात गप्प करणं फार सोपं असतं.

मित्रांनो, तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे. परत गेल्यावर आपल्या तालुक्यात एक अर्ज करा. शाळेच्या पोषण आहाराचा ठेका, वसतिगृहाची यादी, रस्त्याचं बिल, जे तुम्हाला टोचतं ते मागा. 'वैयक्तिक' म्हणून नाकारलं तर अपिलात 8 (2) लिहा, जनहित कुठे आहे ते स्वच्छ मराठीत मांडा, आणि ते नकाराचं पत्र छापा. प्रत्येक महाविद्यालयाच्या वार्षिकांकात अशी पत्रं येऊ द्या.

आणि आज संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी अध्यक्ष म्हणून एक ठराव मांडणार आहे: माहिती अधिकार कायद्याचं कलम 8 (1) (ञ) परंतुकासह 2005 मध्ये होतं तसं पूर्ववत करावं, आणि पत्रकारितेला डेटा कायद्यातून सूट द्यावी. टाळ्या वाजवून तो संमत करू नका. आवाजी मतदान इथेही नको. ज्यांचा विरोध आहे त्यांनी उभं राहून कारण सांगावं, मी उत्तर देईन. मग हात वर करून, मोजून मतदान घ्या, आणि ठरावाची प्रत मराठीतच महाराष्ट्राच्या 48 लोकसभा खासदारांना पाठवा.