केशकर्तनाचे दोन दर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते व्याकरण शिकविताना मुलांना दुकानांच्या पाट्या वाचावयास लावीत. म्हणून मीही एका पाटीपासूनच आरंभ करतो. आपल्या इंदुरातील एखाद्या नव्या सलूनचे दरपत्रक पाहा. पुरुषांचे केस कापण्याचा एक दर. स्त्रियांचा त्याच्या दुप्पट, कोठे तिप्पट. मानेवर केस कापून घेणारी तरुणी 'लेडीज'च्या ओळीत मोजली जाते आणि खांद्यावर केस रुळविणारा तरुण 'जेन्ट्स'च्या. तिच्या केसांना वेळ कमी लागतो, पैसे मात्र अधिक पडतात.

भाषेच्या अभ्यासकाला या पाटीमागे फार जुना व्यवहार दिसतो. 'हजामत' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला; मूळ अर्थ तुंबडी लावणे. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर घरोघरच्या पुरुषांची हजामत करावयाची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यावयाचे. एका हजामतीचा दर असा नव्हताच. पुढे शहरात खुर्ची, आरसा आणि रोकड आली; परंतु हे काम स्वस्तच असावयाचे, ही समजूत बलुत्याबरोबर गेली नाही. स्त्रियांचा दर अधिक का, असे आपण विचारतो. पुरुषांचा इतका कमी का, असे कोणी विचारीत नाही. माझ्या मते अवघड प्रश्न तो आहे.

स्त्री या व्यवस्थेत ग्राहक नव्हती. उच्चवर्णीय घरांत तिच्या मस्तकाला वस्तरा लागे तो वैधव्य आल्यावर. आगरकरांनी केशवपनाविरुद्ध लेखणी चालविली, हे आपण वर्गात शिकवितो. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने न्हाव्यांनीच सभा भरवून विधवांचे वपन न करण्याचा निश्चय केला, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. ज्यांचे पोट वस्तऱ्यावर होते, त्यांनीच तो खाली ठेवला होता.

पुढे स्त्रिया हौसेने केस कापून घेऊ लागल्या, तेव्हा त्या बहुधा न्हाव्याच्या दुकानात गेल्या नाहीत. त्यांच्यासाठी पार्लर निराळे निघाले आणि पुष्कळ ठिकाणी ते चालविणाऱ्याही स्त्रियाच. केस धुणे, ओल्या केसांचे भाग करून थरांत कापणे, वाळवून बसविणे, यांत वेळ जातो आणि त्याचे पैसे मागणे न्याय्यच आहे. घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवून मुलांची फी भरणाऱ्या बाईला दर उतरव म्हणणे मला मुळीच पटत नाही. माझे म्हणणे एवढेच की, दर त्या वेळेचा आणि श्रमाचा असावा.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९५ मध्ये तसा कायदा केला व १९९६ च्या जानेवारीपासून तो अमलात आला. एकाच सेवेसाठी केवळ स्त्री वा पुरुष म्हणून निराळा दर घेता येत नाही. वेळ, अवघडपणा किंवा खर्च निराळा असेल तर मात्र घेता येतो. सलून, शिंपी आणि कपडे धुणारे यांनी दर लेखी दाखवावेत, अशी तरतूदही तेथे पुढे झाली. न्यूयॉर्क शहराने १९९८ मध्ये असाच निर्बंध आणला. आपल्या घटनेचा पंधरावा अनुच्छेद दुकानातील प्रवेशाबाबत लिंगभेदास मनाई करतो. दराचा उल्लेख त्यात नाही.

पाटी बदलावयास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. 'आखूड केस', 'खांद्यापर्यंत', 'कमरेपर्यंत' अशा तीन ओळी पुरेत. धुण्याचे व वाळविण्याचे निराळे. यात पुरुषांचा दर थोडा चढेल, आणि चढावाच. माझ्यासारख्या, मोजकेच केस उरलेल्या म्हाताऱ्यांना चौथी ओळ मिळणार का, ते सलूनवाल्यालाच विचारावे लागेल.