त्रास, बंदी आणि दाद
(गंगाखेड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गोदावरीच्या काठावरचे हे गाव संत जनाबाईंचे. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या एका दासीने आपले कष्ट, आपला राग आणि आपला विठ्ठल निःसंकोचपणे शब्दांत मांडला आणि महाराष्ट्राने ते शब्द शतकानुशतके जपले. अशा गावात बोलण्याच्या अधिकाराविषयी आणि राबणाऱ्याच्या हक्काविषयी लांबलचक प्रस्तावनेची आवश्यकता नाही.

गंगाखेडच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात आज तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजतो, पलीकडून कोणी कर्ज घेण्याचा आग्रह धरते आणि आजोबा वैतागून म्हणतात, ‘‘हे सगळे एकदा बंद करून टाकले पाहिजे.’’ सायंकाळी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर न पटणारा मजकूर दिसतो आणि घरातील कर्ता पुरुष म्हणतो, ‘‘असे लिहिणाऱ्याला आत टाकले पाहिजे.’’ रात्री अकरा वाजता हिंजवडीहून मुलाचा फोन येतो. तो अजून कार्यालयातच असतो. आई म्हणते, ‘‘चांगली नोकरी आहे बाळा, उलट बोलू नकोस.’’ यांतील पहिले वाक्य रास्त आहे, दुसरे घातक आहे आणि तिसरे त्या मुलाला फार महागात पडणारे आहे. तिन्हींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे वरवर पाहता वाटत नाही. परंतु तो आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकातच सापडतो.

प्रथम त्या दुपारच्या फोनविषयी. नको असलेला संदेश शेकडो लोकांच्या माथी एकाच वेळी मारण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेत १९७८ साली झाला. संगणक विकणाऱ्या एका कंपनीने आपली जाहिरात सुमारे चारशे लोकांना एकदम पाठविली होती. पत्र पाठविणाऱ्याला निदान तिकिटाचा खर्च करावा लागतो. येथे पाठविणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य आणि वेळ मात्र घेणाऱ्याचा जातो. या उपद्रवाचे सारे मूळ या विषम व्यवहारात आहे. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ साली ‘फोन करू नका’ अशी नोंदवही सुरू केली, २०१० मध्ये नियम कडक केले आणि २०१८ च्या नियमांनी व्यापारी संदेश पाठविणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी व ग्राहकाची संमती बंधनकारक केली. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर अशा फोनची तक्रार सात दिवसांपर्यंत करता येते. १९०९ या क्रमांकावर ती नोंदविता येते. जाहिरातीचे फोन १४० ने आणि बँकांचे सेवाविषयक फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत, अशीही व्यवस्था आहे. साध्या दहा आकडी क्रमांकावरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला म्हणूनच तेथल्या तेथे रामराम म्हणावा.

या व्यवस्थेत सरकार फोनवर काय बोलले गेले हे तपासत बसत नाही. ज्याला फोन केला त्याने होकार दिला होता की नाही, एवढेच पाहते. आजोबांचा त्रागा रास्त ठरतो तो याच कारणाने. त्यांच्या उंबरठ्याच्या आत कोणी यावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे. चव्हाट्यावर कोणी काय बोलावे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्यातून निर्माण होत नाही.

हा भेद विसरला की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली संसदेत मंजूर झालेल्या दुरुस्तीने कलम ६६ अ घालण्यात आले आणि २००९ च्या ऑक्टोबरपासून ते लागू झाले. पाठविणाऱ्याचा ठावठिकाणा लपवून, त्रास देण्यासाठी वा गैरसोय करण्यासाठी पाठविलेले ई-पत्र, असे शब्द त्यात होते. अर्थात कचरापत्रांचा बंदोबस्त हा त्यातील एक धागा होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढे या कलमाची वंशावळ शोधली तेव्हा ती इंग्लंडमधील १९३५ च्या टपाल कायद्यातील दुरुस्तीपर्यंत जाऊन पोहोचली. दूरध्वनीवरून अश्लील वा धमकीचे बोलणे हा गुन्हा ठरविणारी ती तरतूद. म्हणजे मूळ विचार फोनवरच्या उपद्रवाचा होता. परंतु त्याच कलमात ‘अतिशय आक्षेपार्ह’ हा शब्दही होता, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची.

नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. उभा महाराष्ट्र शोकाकुल होता. मुंबई बंद असण्याविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. त्या ओळी अनुचित होत्या, दुःखाच्या प्रसंगी मन दुखविणाऱ्या होत्या, असे कोणाला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. परंतु पसंतीच्या एका खुणेसाठी एका मुलीला पोलीस ठाण्यात न्यावे लागते आणि दररोज लाखो घरांना छळणारा जाहिरातवाला त्याच कलमाच्या हाती क्वचितच लागतो, हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखेच झाले. पुढे खटला मागे पडला, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण कलमच घटनाबाह्य ठरविले. ‘त्रास’, ‘गैरसोय’ या शब्दांना सीमाच नाही, हे त्यामागील प्रमुख कारण होते. एकाला त्रासदायक वाटणारे वाक्य दुसऱ्याला सत्य वाटते. एवढे होऊनही ठिकठिकाणच्या पोलीस ठाण्यांत ते मृत कलम लावले जातच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. कायदा मेला तरी सवय मरत नाही.

मराठवाड्याला ही सवय नवी नाही. निजामाच्या राजवटीत ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने पूर्वपरवानगीशिवाय सभा घेण्यास मनाई होती. आज या सभेत आपण बसलो आहोत, तशी सभा त्या काळी गंगाखेडला भरवायची तर आधी सरकारी कचेरीत अर्ज द्यावा लागला असता. राज्यात राहून लिहिता येत नाही म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी पुण्याहून ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढले. निजामाने त्याच्यावर बंदी घातली. अंक दुसऱ्या नावाने आला. त्या नावावर बंदी आली, तेव्हा तिसरे नाव घेतले. आज एखादे खाते बंद केले की त्याच मजकुराचे दुसरे खाते उघडते, त्याचा हा छापील पूर्वावतारच म्हणायचा! बंदीने वाघमारे थांबले नाहीत, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला थांबली ती निजामी.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २५ जून १९७५ च्या रात्री, स्वतंत्र भारतात तोच खेळ झाला. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले, ४ जुलैला संघावर बंदी आली. सायक्लोस्टाईल यंत्रावर काढलेली पत्रके पिशवीच्या तळाशी घालून घरोघर पोहोचविणारे त्या पिढीतील कार्यकर्ते गावोगाव होते. त्यांच्या घरच्यांना त्या रात्रींचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. त्या वेळी ‘देशाच्या सुरक्षिततेस धोका’ या एका वाक्यात सारे बसत होते. ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव विचाराने संघापासून पुष्कळ दूर. परंतु आणीबाणीत कारावास त्यांनाही चुकला नाही. बंदी घालणाऱ्याच्या यादीत हे आणि ते असा भेद फार काळ टिकत नाही, हे त्या तुरुंगांनी दाखवून दिले होते. म्हणूनच ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी पत्रके लपविली, त्यांनीच आज न पटणाऱ्या प्रत्येक ओळीवर ‘आत टाका’ म्हणावे, हे विचित्र दिसते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. देवदेवतांची विटंबना, मुलीबाळींची खोटी छायाचित्रे, दंगल पेटविणारी अफवा, हे सारे मुकाट्याने सोसावे काय? मुळीच नाही. त्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलमे आहेत, तक्रार आहे, न्यायालय आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ अ हेही आहे. ज्या निकालाने ६६ अ रद्द झाले, त्याच निकालाने ६९ अ कायम ठेवले. का? तर त्यात देशाची अखंडता, सार्वजनिक सुव्यवस्था अशी ठरावीक कारणे आहेत, ती लेखी नोंदवावी लागतात, समितीपुढे प्रकरण जाते आणि दुसऱ्या पक्षाला म्हणणे मांडण्याची तरतूद आहे. मात्र २००९ च्या नियमांतील सोळावा नियम या साऱ्या कारवाईला गोपनीयतेचे कुलूप लावतो. परिणामी ज्याचा मजकूर गेला त्याला कारण कळतेच असे नाही. हे कुलूप निघणे आवश्यक आहे, मग सरकार आपल्या विचारांचे असो वा नसो. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा की खरा हे सरकारच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ साली करण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या मतानंतर ती रद्द झाली. वादी आणि न्यायाधीश एकच असू नये, हे सामान्य माणसालाही पटणारे तत्त्व आहे.

आता हिंजवडीच्या त्या मुलाकडे वळू. गंगाखेड स्थानकावर पुण्याच्या गाडीत मुलाला बसवून देणाऱ्या आईबापांना तो ‘साहेब’ झाला असे वाटते. कामगार हा शब्द त्याला लावलेला त्यांना रुचत नाही. खरी अडचण येथेच सुरू होते. दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघ स्थापन केला तेव्हा श्रमिक म्हणजे केवळ गिरणीत घाम गाळणारा, अशी व्याख्या केली नव्हती. ‘उद्योगांचे श्रमिकीकरण’ हा त्यांच्या मांडणीचा एक प्रमुख घटक होता. जो राबतो त्याचा उद्योगात वाटा आहे. तो यंत्रमागासमोर राबतो की संगणकासमोर, याने काय फरक पडतो?

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. त्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली व जादा कामाला दुप्पट वेतन सांगितले. २०२५ मध्ये ९ चे १० करण्यात आले. पण व्यवस्थापकीय, देखरेखीच्या वा गोपनीय स्वरूपाच्या पदावरील व्यक्ती या कायद्यातून वगळल्या आहेत. बावीस वर्षांच्या मुलाला ‘अमुक व्यवस्थापक’ असे भारदस्त पदनाम मिळते, घरी पेढे वाटले जातात आणि त्या पदनामाच्या आडून त्याचे जादा तास फुकटात जातात. त्याच कायद्यात अशा वगळलेल्या पदांची यादी आस्थापनेने आपल्या संकेतस्थळावर वा दर्शनी जागी लावावी, असेही आहे. ती पाहण्याची तसदी कितीजण घेतात? २०२४ साली पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेतील तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने लिहिलेल्या पत्राने देश हळहळला. कामगार खात्याचे अधिकारी तेथे गेले तेव्हा त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे आढळले. ते कार्यालय २००७ पासून चालू होते.

आणि कपातीचे काय? जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे घोषित केले. व्यवसायाच्या गरजा बदलतात, कंपनीने तोट्यात चालावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु कामगाराची छाटणी करायची तर कारण नमूद करून एक महिन्याची लेखी सूचना वा त्याऐवजी वेतन आणि भरपाई, हे औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ पासून होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. मात्र मुलाने घाबरून राजीनाम्यावर स्वाक्षरी केली की कागदावर छाटणी उरतच नाही, त्याने स्वतःहून नोकरी सोडलेली असते. म्हणून मुलाने रात्री फोन केला तर ‘उलट बोलू नकोस’ म्हणण्याऐवजी ‘वाचल्याशिवाय सही करू नकोस, कारण लेखी माग’ असे सांगणारी आई त्याला अधिक उपयोगी पडेल.

दुपारचा फोन आणि मुलाची नोकरी यांचा शेवटचा सांधा फार दुःखद आहे. ‘थायलंडमध्ये माहिती भरण्याचे काम, भरपूर पगार’ अशा जाहिरातींना भुलून गेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेण्यात आले, त्यांची पारपत्रे हिसकावण्यात आली आणि बंदिस्त आवारात बसवून त्यांच्याकडून लोकांना फसविण्याचे काम करवून घेण्यात आले. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी थायलंडच्या माई सोत येथून दोन दिवसांत २८३ आणि २६६ असे ५४९ भारतीय परत आणले. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार भारतीय कायद्यात कोठेही नाही. त्या नावाने धमकावणारा फोन आला तर तो ठेवून १९३० वर तक्रार करावी, हे तर आहेच. परंतु पलीकडचा आवाज एखाद्या तालुक्याच्या गावातून नोकरीसाठी निघालेल्या मुलाचाही असू शकतो, ज्याला नकार देण्याची मुभाच नाही.

परदेशी कामासाठी माणसे पाठविणाऱ्या दलालाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि त्याचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट या शासकीय संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. गावातील कोणी मुलगा अशा नोकरीस निघाला असेल, तर कार्यकर्त्यांनी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईवडिलांसमोर बसून, तो क्रमांक पडताळून पाहावा. दहा मिनिटांचे काम आहे.