इथला विद्यार्थी कोण?

(कुळगाव येथील शिक्षक संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. सरकारी महाविद्यालयातल्या जागेवर पहिला हक्क कोणाचा?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. त्या दिवशी राज्यात अशी दहा महाविद्यालयं सुरू झाली. आपल्या वाट्याला एमबीबीएसच्या १०० जागा आल्या. तेव्हापासून पालक मला विचारत आले आहेत, "सर, कॉलेज आपल्या दारात आलंय, आता आपल्या मुलांना थोडं झुकतं माप मिळेल ना?" त्यांना मी खरं तेच सांगतो. अंबरनाथची म्हणून एकही जागा राखीव नाही. १०० पैकी १५ जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि ८५ राज्याच्या राहतात. त्या ८५ जागांसाठी बदलापूरची मुलगी, लातूरचा मुलगा आणि गोंदियाची मुलगी एकाच यादीत उभे असतात. पूर्वी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग पाडून ७०-३० चं सूत्र लावलं जायचं : ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकीच्यांना. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. मराठवाड्यातल्या मुलांची त्याविषयीची तक्रार रास्त होती, आणि ते सूत्र गेलं हे चांगलं झालं असं मी ठाण्याचा असूनही म्हणतो.

पण राज्याच्या ८५ जागांना पात्र कोण, हे कोण ठरवतं आणि कशावरून?

वैद्यकीयचा नियम साधारण असा : दहावी महाराष्ट्रातून, बारावी महाराष्ट्रातून आणि वर अधिवास प्रमाणपत्र. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलती आहेत, त्या सोडू. दहावीनंतर मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरी क्लासला पाठवणाऱ्या पालकांना हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवं. तिथल्या एखाद्या शाळेत नाव घालून मूल राजस्थानातून बारावी झालं, तर जन्म कुळगावचा आणि घर कुळगावचं असूनही राज्याच्या ८५ टक्क्यांचं दार त्याला बंद होतं. क्लासवाले हे ठळक अक्षरांत छापत नाहीत.

अभियांत्रिकीचे नियम वेगळे आहेत. तिथे उमेदवारांचे 'टाइप' असतात. दहावी आणि बारावी दोन्ही इथून, शिवाय जन्म किंवा अधिवास महाराष्ट्राचा, तो टाइप ए. त्यात न बसणारा, पण स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एकजण महाराष्ट्राचा अधिवासी, तो टाइप बी. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी इथे नेमणूक झालेल्यांची मुलं टाइप सी. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे ती आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. राज्य कर्मचाऱ्यांची मुलं टाइप डी. आणि टाइप ई म्हणजे कर्नाटक सीमाभागातल्या वादग्रस्त प्रदेशात शिकलेला, मराठी मातृभाषेचा विद्यार्थी. ज्या ८६५ गावांवर आपण हक्क सांगतो, तिथल्या मुलाला आपण प्रवेशाच्या वेळी आपलाच मानतो. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. राजकीय सीमेच्या पलीकडे बसलेलं मूलही आपलं असू शकतं, हे शासनाने इथे लेखी मान्य केलं आहे.

आता माझ्या मनात सलणारी गोष्ट सांगतो. उल्हासनगरच्या जीन्स शिवण्याच्या कारखान्यांत आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांची मुलं आपल्या वर्गांत आहेत. समजा, एखादा मुलगा आझमगडला जन्मला आणि सातवीत इथे आला. दहावी झाला, बारावी झाला, मराठी विषयाचा पेपर लिहून पास झाला. घर भाड्याचं, करार तोंडी. अधिवासासाठी तहसील कार्यालय पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागतं. ते त्याच्याकडे नाहीत आणि त्याच्या वडिलांकडेही नाहीत. हा मुलगा परराज्यातला ठरतो. दुसरा मुलगा समजा पहिलीपासून बारावीपर्यंत दिल्लीत शिकला, पण वडिलांकडे महाराष्ट्राचं प्रमाणपत्र आहे. तो टाइप बी मधून आत येतो. दुसऱ्याला मिळू नये असं मी म्हणत नाही. पण ज्याला तुम्ही-आम्ही फळ्यासमोर उभं करून शिकवलं, तो परका कसा?

राज्याने आपल्या मुलांना आधी जागा द्यावी, या तत्त्वाच्या मी बाजूचा आहे. त्यामागे जुना आणि भक्कम विचार आहे. १९५५ साली डी. पी. जोशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रश्न आला. तेव्हाच्या मध्य भारत राज्यातल्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना भरावी लागे. न्यायालयाने हा भेद वैध ठरवला. राज्याचा पैसा खर्च होतो, आणि इथे राहणारा विद्यार्थी पुढे इथल्याच लोकांची सेवा करण्याची शक्यता अधिक, असा तो युक्तिवाद होता. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी त्याला मर्यादा घातली : सगळ्या जागा स्थानिकांसाठी बांधून ठेवता येणार नाहीत. त्यातूनच पुढे १९८६ मध्ये पदवीच्या १५ टक्के जागा देशभरासाठी खुल्या झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये तर न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरचं अधिवासाचं आरक्षणच घटनाबाह्य ठरवलं. तज्ज्ञ डॉक्टर घडवताना गुणवत्ता आधी आणि पत्ता नंतर. मला हे पटतं. पहिल्या पदवीला आपल्या मुलांना आधार द्यावा आणि वरच्या शिक्षणाला दार मोकळं सोडावं.

परराज्यातला ठरवून अडवलं जाणं म्हणजे काय, हे आपल्या आधीच्या पिढीने भोगलेलं आहे. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी इथे जागा न मिळालेली मराठी मुलं कॅपिटेशन फी भरून कर्नाटकात शिकायला जात. पुढे कर्नाटकाने खासगी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी दर ठरवून दिले : शासकीय जागेला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्यांना २५,००० आणि बाहेरच्यांना ६०,०००. मेरठच्या मोहिनी जैन या मुलीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९९२ साली ती जिंकली. आज १५ टक्के जागा जातात म्हणून हळहळणाऱ्यांना मी सांगतो, त्याच कोट्यातून आपली मुलं दिल्लीच्या मौलाना आझाद कॉलेजात बसतात.

आणि हे आपल्या या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात बोलताना उल्हासनगरचा इतिहास वगळता येत नाही. १८८७ साली निघालेलं कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होतं. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, आणि सिंधचं स्वतःचं विद्यापीठ १९४७ साली निघालं. म्हणजे फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जी कुटुंबं येऊन राहिली, त्यांच्यातले पदवीधर आपल्याच विद्यापीठाचे होते. त्यांची घरं आणि घरांचे कागद सीमेपलीकडे राहिले. ऑगस्ट १९४९ मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. त्याच साली हैदराबाद सिंधच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी यांनी वांद्र्याला नॅशनल कॉलेज उभं केलं. त्यांच्याच हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाचं सीएचएम कॉलेज पुढे उल्हासनगरात आलं. मराठी, सिंधी, आगरी, उत्तर भारतीय अशी सगळी मुलं तिथे शिकली. ज्यांच्याकडे पंधरा वर्षांचा पुरावा नव्हता, त्यांनी आपल्या मुलांसाठी कॉलेज काढलं. कागद नसलेल्या माणसाला परका म्हणताना या पट्ट्यातल्या शिक्षकाने तरी दहादा विचार करावा.

मग निकष कोणता असावा? माझ्या मते, शाळेचा. इयत्ता आठवी ते बारावी सलग पाच वर्षं महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकलेलं मूल राज्याचं मानावं. जन्म कुठला, वडिलांचा दाखला आहे की नाही, हे विचारू नये. कोणी म्हणेल, यातून गैरफायदा घेतला जाईल. मला उलट दिसतं. केवळ अकरावी-बारावीपुरतं नाव घालून हजेरी न लावणारे या अटीत टिकणार नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद शासनाच्या 'सरल' या ऑनलाइन प्रणालीत वर्षागणिक होते, ती आपणच भरतो. तो पुरावा तोंडी भाडेकरारापेक्षा कितीतरी पक्का आहे. सीमाभागाचा टाइप ई आहे तसा राहावा, बदलीच्या नोकरीतल्यांच्या सवलतीही राहाव्यात.

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर मुलं थांबू शकत नाहीत. प्रवेशफेरी सुरू झाल्यावर सेतू केंद्रासमोर उभी राहणारी मुलं आपण दरवर्षी पाहतो. कोणाच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं, कोणाचं जातवैधता प्रमाणपत्र प्रलंबित, कोणाचं नॉन-क्रीमीलेअर मुदत संपलेलं. गुण असूनही जागा हुकते ती इथे.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. येत्या जूनपासून आपल्या प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे हे काम सोपवा. नववीच्या वर्गातच कोणाकडे कोणते कागद नाहीत त्याची यादी करा, पालकांना बोलवा, दहावीचा निकाल लागण्याआधी अर्ज तहसील कार्यालयात जाऊ द्या. आणि आठवी ते बारावीच्या शालेय नोंदीवर अधिवास मानावा, असा ठराव दुपारच्या सत्रात मांडून तो उच्च व तंत्रशिक्षण आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही विभागांकडे पाठवा. त्यावर पहिली सही मी करतो.